बैलगाडीसाठी ट्रकवर बंदी मागणारा वर्ध्याचा अर्थतज्ज्ञ : जे. सी. कुमारप्पा

कुमारप्पांचं नाव निघालं की दिल्लीतला एक किस्सा हमखास सांगितला जातो.

स्वातंत्र्य मिळालं होतं, नेहरू पंतप्रधान होते आणि नियोजनाच्या एका बैठकीसाठी कुमारप्पांना बोलावणं आलं होतं. हा गडी निघाला बैलगाडीत बसून. वाटेत पोलिसाने अडवलं. या रस्त्यावर बैलगाडीला मनाई आहे, असं त्याचं म्हणणं. कुमारप्पांनी ही तक्रार थेट नेहरूंच्या कानावर घातली. नेहरूंनी समजूत काढली की या रस्त्यावरून ट्रक भरधाव जातात, तेव्हा ही मनाई बैलगाडीवाल्यांच्याच जिवासाठी आहे. त्यावर कुमारप्पांनी उलटा सवाल टाकला. धोका ट्रकमुळे असेल तर बंदी ट्रकवर का नाही?

आज ऐकताना हा एका हट्टी गांधीवाद्याचा विनोद वाटतो. पण कुमारप्पा विनोद करत नव्हते. चाक, धाव, रस्ता आणि बैलाची मान यांचा हिशेब त्यांनी बरीच वर्षं मांडला होता, आणि तोही वर्ध्यात बसून.

आता हा माणूस मूळचा वर्ध्याचा नाही. खेड्यातलाही नाही.

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस हे त्यांचं जन्माचं नाव. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला एका तमिळ ख्रिस्ती घरात त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी बांधकाम खात्यात, घरात इंग्रजी वळण. शिक्षण मद्रासला झालं, मग हिशेबतपासनीस होण्यासाठी ते लंडनला गेले. पहिलं महायुद्ध संपल्यावर मुंबईत परतले आणि पुढे स्वतःची ऑडिट फर्म काढली. सूटबूट, टाय, साहेबी थाट. धंदाही बरा चालला होता.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. सिराक्यूज विद्यापीठात व्यवसाय प्रशासन शिकले आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त हा विषय घेतला. तिथे त्यांचे प्राध्यापक होते एडविन सेलिग्मन. डॉ. आंबेडकरांनाही कोलंबियात शिकवणारे सेलिग्मन ते हेच. कॉर्नेलियस साहेबांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो ब्रिटिश सरकारची करवसुली आणि भारताची गरिबी यांच्या संबंधाचा. आकडे तपासता तपासता त्यांच्या लक्षात आलं की खेड्यातून कर गोळा होतो, पण खर्च खेड्यात होत नाही. ऑडिटरच्या डोक्यात ही गोष्ट एकदा बसली की निघत नाही. पुढच्या सगळ्या आयुष्याचं मूळ इथे आहे. भारतात परतल्यावर कॉर्नेलियस हे नाव मागे पडलं आणि घराण्याचं कुमारप्पा हे जुनं नाव त्यांनी घेतलं.

प्रबंध छापायचा होता, आणि कोणीतरी सुचवलं की गांधींना दाखवा. ९ मे १९२९ रोजी ते साबरमती आश्रमात पोहोचले. झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. सुटातले कुमारप्पा जरा वेळ तसेच उभे राहिले, मग त्यांना उमगलं की हेच गांधी. गांधींनी प्रबंध यंग इंडियात क्रमशः छापला आणि त्यांना खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला धाडलं. मुंबईचा ऑडिटर तिथून पुढे खेड्यांचा ऑडिटर झाला. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात यंग इंडियाची जबाबदारी अंगावर आली आणि तुरुंगवासही घडला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब सांभाळायला त्यांना नेलं, ते त्यांच्या काटेकोरपणामुळेच.

आणि मग आलं वर्धा.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. शेठ जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग आणि बंगला संघाला दिला. गांधींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणायला लागले. संघाचा कारभार कुमारप्पांकडे आला. भाऊ भरतन कुमारप्पाही मदतीला होते. गांधी स्वतः काही काळ मगनवाडीत राहिले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी चालत शेगावला गेले. हेच शेगाव पुढे सेवाग्राम झालं.

मगनवाडीत काय नव्हतं? तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ, साबण, खाद्यतेलावर जळणारा मगनदीप, धूर कमी करणारी मगनचूल. ग्राम उद्योग पत्रिका नावाचं मासिक इथूनच निघायचं आणि कुमारप्पा त्यात दर महिन्याला कशाचा ना कशाचा हिशेब मांडायचे. गिरणीचं तेल स्वस्त दिसतं, पण त्या स्वस्ताईत कोणाचा रोजगार गेला? साखर पांढरी दिसते, पण गुळातलं काय काय गमावलं? असले प्रश्न. १९३६ मध्ये ग्रामोद्योग चळवळ कशासाठी हे सांगणारं त्यांचं पुस्तकही आलं.

याच हिशेबात बैलगाडी आली. वर्ध्यात ती येणारच होती.

वर्धा म्हणजे कापसाचा जिल्हा. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सगळीकडे जिनिंग, गिरण्या आणि कापसाचे बाजार. दिवाळीनंतर कापूस घरी आला की बंड्यांच्या रांगा लागायच्या. विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात आणि ती हाकणाऱ्याला धुरकरी. कापूस वजनाला हलका पण आकाराला अवाढव्य, त्यामुळे बंडीच्या बाजूंना तट्टे लावून ती उंच भरायची. उंच भरलेली बंडी खडबडीत वाटेवर झोलकांडत जायची. काळी जमीन, पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात दगडासारख्या कडक झालेल्या चाकोऱ्या.

आता इथे थोडं यंत्रशास्त्र समजून घ्यावं लागेल, नाहीतर कुमारप्पांचं भांडण कळणार नाही.

तुम्ही रीलमध्ये पाहिलं असेल. परदेशात मोटारीच्या मागे घरासारखी कॅराव्हॅन जोडलेली असते. हायवेवर ती आधी जराशी डुलते, मग शेपटीसारखी डावी-उजवी मारायला लागते आणि शेवटी मोटारीला घेऊन उलटते. याचं कारण बहुतेक वेळा वजनाच्या मांडणीत असतं. अमेरिकेत सर्वसाधारण नियम असा सांगतात की ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के वजन पुढच्या जोडावर, म्हणजे हुकावर यायला हवं. त्याहून फार कमी आलं, म्हणजे माल मागे जास्त भरला, की ट्रेलर झोल खायला लागतो. फार जास्त आलं की मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

यावर दोन प्रकारचे जोड निघाले. एक वजन वाटणारा. त्यात पोलादी दांड्यांची स्प्रिंग असते, ती हुकावरचं ओझं तरफेसारखं उचलून मोटारीच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देते. दुसरा झोल रोखणारा. तो घर्षणाने किंवा खाचांच्या साहाय्याने ट्रेलरचं डावी-उजवीकडे फिरणं आवळून धरतो. लोक दोन्हींची गल्लत करतात. पहिला उभ्या ओझ्याचा इलाज आहे, दुसरा आडव्या हेलकाव्याचा. काही जोडांत दोन्ही सोयी एकत्र मिळतात. पण माल चुकीचा भरलेला असेल तर दोघांपैकी कोणीही तो गुन्हा पूर्ण माफ करत नाही. माल उतरवून पुन्हा नीट भरणं हाच खरा उपाय.

बंडी म्हणजे असाच दोन चाकांचा ट्रेलर. मधोमध आस, आसावर साटा, साट्यातून पुढे गेलेली दांडी, दांडीच्या टोकाला जू. आस म्हणजे तराजूचा काटा. माल मागे जास्त झाला की बंडी उलाळ होते. जू वर उचललं जातं, मानेखालची जोती बैलाच्या गळ्याला काचतात आणि बैलाला जोर लावता येत नाही. माल पुढे जास्त झाला की सगळं ओझं मानेवर. मग खांदा येतो, म्हणजे जू घासून मान सुजते, कातडं सोलतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात खांदशेकणी होते, बैलाचे खांदे तूप-हळद लावून शेकतात, ते उगाच नाही. वर्षभराच्या त्या ओझ्याची ती कबुली असते.

मोटारीचं ओझं स्प्रिंग वाटून घेते. बैलाचं ओझं वाटून घ्यायला कोणी नाही. म्हणून जू मानेवर जेमतेम टेकेल इतकंच वजन पुढे ठेवायचं, ही धुरकऱ्याची विद्या. चढ लागला की तो पुढे सरकून बसतो, उतार लागला की मागे. बंडीतला वजन वाटणारा जोड म्हणजे खुद्द धुरकरी! आणि झोल? जू रुंद असतं, दोन्ही बाजूंना दोन बैल दांडी सांभाळतात, आणि मुख्य म्हणजे बंडी तासाला जेमतेम ४ किलोमीटर चालते. शेपटीसारखा झोल ही वेगाची व्याधी आहे. वेग नसेल तर ती जडतच नाही.

कुमारप्पांचा वाद सुरू होतो तो नेमका इथे, वेगापाशी.

ज्या डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याचा ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याच महिन्यात दिल्लीत इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. तिचं मूळ १९२७ च्या जयकर समितीत होतं. हे जयकर म्हणजे मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. मोटारी वाढत होत्या, चांगले रस्ते हवे होते. आणि त्या रस्त्यांचा शत्रू कोण? अभियंत्यांच्या नजरेत बैलगाडी. लाकडी चाकावर लोखंडाची अरुंद धाव असते. सगळा भार त्या बोटभर पट्टीवर येतो आणि ती रस्ता कापत जाते. यावर सुचवलेला इलाज म्हणजे बैलगाडीला हवा भरलेले रबरी टायर लावा. डनलॉपसारख्या कंपन्यांचे बैलगाडीचे टायर बाजारात येऊ लागले होते. रस्ता वाचेल, बैलाला ओढायला हलकं जाईल आणि माल जास्त बसेल. सगळ्यांचंच भलं.

कुमारप्पांना ते भलं पटेना.

त्यांची मांडणी ऑडिटरची होती. लाकडी चाक बाभळीचं. ते गावातला सुतार करतो. धाव लोहार चढवतो. गोवऱ्यांच्या जाळात तापवून लालबुंद झालेली कडी चाकावर बसवायची आणि पाणी ओतून आवळायची. चाक मोडलं तर दुरुस्तीचा पैसा गावातच फिरतो. टायर पंक्चर झाला की शहरात जा, झिजला की नवा घ्या, आणि तो पैसा कंपनीच्या खिशात. शेतकऱ्याने हा खर्च का करायचा? तर मोटारवाल्याला हवा असलेला गुळगुळीत रस्ता शाबूत राहावा म्हणून. कुमारप्पांचं म्हणणं असं की ज्याच्या वाहनाला गुळगुळीत रस्ता लागतो, त्याने त्याचा खर्च सोसावा. रस्ता वापरणारे बहुसंख्य लोक बैलगाडीवाले असतील तर रस्ता बैलगाडीला साजेसा बांधा. डांबरावर बैलाचे खूर घसरतात, त्याला नाल ठोकावी लागते, हाही त्याच हिशेबातला भाग.

या युक्तिवादात दम आहे, हे मान्य करावं लागतं. पण भोकंही आहेत. धावेचं लोखंड तरी वर्ध्याच्या खेड्यात कुठे तयार होत होतं? ती पट्टीही बाहेरूनच यायची. १९२९ पासून पेट्रोलवरच्या जादा कराचा पैसा रस्त्यांसाठी वेगळा काढला जात होता, म्हणजे मोटारवाला अगदीच फुकट चालत नव्हता. आणि सर्वांत मोठी अडचण बैलाची. पक्क्या रस्त्यावर रबरी टायरची गाडी ओढायला हलकी जाते, यात शंका नाही. गावाचा पैसा गावात राहिला तरी त्याची किंमत बैलाच्या खांद्याने मोजायची का? या जागी कुमारप्पांचा हिशेब तोकडा वाटतो. फक्त दुसरी बाजूही बघायला हवी. टायर लागला की गाडीत माल दुप्पट भरला जातो. मग बैलाचं ओझं हलकं झालं की नुसता मालकाचा फायदा वाढला? पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्याकडे उसाने लादलेली टायरगाडी ओढणारे बैल ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको.

१९३८ च्या ३० डिसेंबरला मगनवाडीत गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने उद्योगांच्या पाहणीसाठी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं कुमारप्पांना. शेकडो खेड्यांत माणसं धाडून माहिती गोळा झाली. नेहरूंच्या राष्ट्रीय नियोजन समितीवरही त्यांना घेतलं होतं, पण मोठ्या कारखान्यांच्या त्या चर्चेत त्यांचं मन रमलं नाही. थोड्याच महिन्यांत ते बाहेर पडले.

महायुद्धात सरकारने नोटा छापून भारतातून माल उचलायला सुरुवात केली, तेव्हा कुमारप्पांनी त्यावर लेख लिहिला. भाकरी मागणाऱ्याला दगड दिल्यासारखा हा प्रकार आहे, असा त्याचा रोख. पुन्हा तुरुंग. या वेळी जबलपूर. तिथे त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दुसऱ्या पुस्तकात ते निसर्गाकडे बघून अर्थव्यवस्थेच्या पायऱ्या मांडतात. सावज मारून खाणारा वाघ, दुसऱ्याच्या बागेवर ताव मारणारं माकड, घरटं बांधणारा पक्षी, पोळ्यासाठी राबणारी मधमाशी आणि पिलांसाठी झिजणारी आई. पर्यावरण हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता तेव्हाचं हे लेखन आहे. संपणाऱ्या वस्तूंवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था भांडणं लावते, हे त्यात स्पष्ट मांडलंय. पेट्रोल आणि बैल यांतला फरक त्यांच्या लेखी हाच होता.

गंमत अशी की ते तुरुंगात असतानाच, १९४३ च्या डिसेंबरमध्ये, वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवर नागपुरात देशभरातले मुख्य अभियंते जमले आणि रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा ठरला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही आजची उतरंड त्या नागपूर योजनेतून आली. गावरस्ते त्यात सर्वांत शेवटी.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने शेतजमिनीच्या सुधारणांसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षही कुमारप्पाच. १९४९ च्या तिच्या अहवालाने जमीन कसणाऱ्याची असावी, ही बाजू जोरात मांडली. पण दिल्लीचा कल मोठी धरणं आणि पोलाद कारखान्यांकडे होता. कुमारप्पा स्वभावाने तिखट, बोलायला फटकळ. लग्न केलेलं नव्हतं, सांभाळायला संसार नव्हता, त्यामुळे कोणाची भीडही नव्हती. सत्तेत गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांना ते तोंडावर सुनावत. दिल्लीच्या रस्त्यावरचा तो किस्सा याच दिवसांतला.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वर्धा जिल्ह्यातच सेलडोहला पन्नै आश्रम काढला. पन्नै म्हणजे तमिळमध्ये शेत. एखाद्या टापूतल्या लोकांना धान्य, डाळ, तेल, भाजी, कापूस जेवढा लागतो, त्या प्रमाणात तिथलं पीक ठरवायचं, हा समतोल शेतीचा प्रयोग त्यांना करायचा होता. कापसाच्या वर्ध्यात ही कल्पना मांडायला छाती लागते! पण रक्तदाबाने शरीर थकवलं होतं. प्रयोग फार पुढे गेला नाही. त्यांनी वर्धा सोडलं आणि मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात शेवटची वर्षं काढली.

बैलगाडीचा प्रश्न मात्र त्यांच्यानंतरही सुटला नव्हता. १९७० च्या दशकात बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी तो पुन्हा हातात घेतला. त्यांनी टायर आणि रस्त्याबरोबर जुवाकडेही बघितलं. मानेवर टेकणारं लाकूड बैलाला इजा करतं आणि त्याची ताकद वायाही घालवतं, तेव्हा जू बदला, गाडीचं वजन घटवा, बेअरिंग बसवा, असा त्यांचा आग्रह होता. कुमारप्पांच्या हिशेबात जो रकाना तोकडा राहिला होता, तो इथे भरायला घेतला गेला.

आज सेलडोह ज्या सेलू तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. बैलगाडीला, ट्रॅक्टरला आणि दुचाकीलाही मनाई आहे.

कुमारप्पांचं निधन मद्रासला झालं, ३० जानेवारी १९६० रोजी. गांधींच्या हत्येला त्या दिवशी बरोबर बारा वर्षं झाली होती. वर्ध्यात मगनवाडी अजून आहे, मगन संग्रहालयही आहे. गांधींनी त्यांना गमतीने ग्रामोद्योगाचे डॉक्टर ही पदवी दिली होती. कोलंबियाच्या पदवीपेक्षा त्यांना तिचंच कौतुक जास्त होतं, असं त्यांच्या जवळचे लोक सांगत.